जठराचें अस्तर आणि त्यांतील बिऱ्हाडकरू

मांस शिजवून खाल्लें म्हणजे मनुष्याच्या जठरांत तें कांहीं तासांत विरघळूं लागतें. अंडें, पनीर, डाळीचें वरण, या सर्वांची तेथें तीच गत होते. परंतु ज्या पिशवींत हें काम चालतें ती पिशवीहि मांसाचीच बनलेली आहे. मग जठर इतर मांस पचवितें आणि स्वतःला मात्र पचवीत नाहीं, हें कसें? प्रश्न पोरकट वाटण्याजोगा आहे. पण मोठमोठ्या शरीरशास्त्रज्ञांना त्यानें दीर्घकाळ झुलवीत ठेवलें. लंडनचा विख्यात शस्त्रवैद्य जॉन हंटर यानें १७७२ सालीं या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. अकस्मात् मृत्यु आलेल्या माणसाच्या प्रेतांत जठराची भिंत कधीं कधीं विरघळून तिला भोंक पडलेलें आढळतें, असें त्यानें दाखवून दिलें. जिवंतपणीं जें होत नाहीं तें मृत्यूनंतर थोड्या वेळांत होतें. तेव्हां जिवंत जठरापाशीं स्वतःच्या रक्षणाचें कांहींतरी साधन असलें पाहिजे, हें उघड झालें. हंटरनें त्याचें श्रेय जिवंत शरीराच्या अंगभूत शक्तीला दिलें. उत्तर मोघम होतें, पण प्रश्न अचूक होता.

जठरांतील रस किती तीव्र असतो याची कल्पना पुढील शतकांत आली. विल्यम प्राउट या इंग्रज वैद्यानें १८२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत, जठरांतील आम्ल हें हैड्रोक्लोरिक आम्ल होय असें सिद्ध केलें. याच सुमारास अमेरिकेंत एक विलक्षण प्रसंग घडला होता. १८२२ सालीं ॲलेक्सिस सेंट मार्टिन नांवाच्या तरुणाच्या पोटांत बंदुकीची गोळी शिरली. तो वांचला, पण जठराला पडलेलें भोंक कायमचें उघडें राहिलें. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरानें त्या भोंकांतून दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे आंत सोडून अन्न कसकसें विरघळतें तें अनेक वर्षें पाहिलें आणि १८३३ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. जठराचें कार्य डोळ्यांनीं पाहण्याची अशी संधि शास्त्राला पूर्वीं मिळाली नव्हती. परंतु बोमाँटचें लक्ष अन्नावर होतें. भिंतीवर पसरलेल्या बुळबुळीत थराकडे अभ्यासकांचें लक्ष वळण्यास आणखी बराच काळ जावा लागला.

या थराला श्लेष्मा म्हणतात. नाकांत व घशांत जो चिकट द्रव असतो त्याचाच हा जातभाई. आपल्याकडील आयुर्वेदानें कफाचे पांच प्रकार सांगितले असून त्यांतील क्लेदक कफाचें स्थान आमाशय हेंच मानलें आहे. आजच्या प्रयोगशाळेंतील श्लेष्मा आणि ग्रंथांतील क्लेदक कफ या दोन्ही कल्पना एकच आहेत असें म्हणणें बरोबर होणार नाहीं. परंतु आमाशयांत ओलसर, स्निग्ध असें कांहीं असून अन्नाशीं त्याचा संबंध आहे, हें निरीक्षण जुनें आहे, एवढें मान्य करावयास हरकत नाहीं.

श्लेष्म्याचा थर मिलिमीटरच्या लहानशा अंशाइतकाच जाड असतो. एवढ्या पातळ पडद्यानें तीव्र आम्ल कसें अडावें? नुसत्या चिकटपणानें तें अडत नाहीं, हें ऑक्सफर्डच्या नॉर्मन हीटली यानें १९५९ सालीं विशद केलें. पेनिसिलिन प्रथम शुद्ध करण्याच्या कामीं ज्याच्या हातच्या कौशल्याचा मोठा वांटा होता तोच हा हीटली. त्याचें म्हणणें असें: भिंतींतील पेशी श्लेष्म्याच्या तळाशीं सतत बायकार्बोनेट सोडीत असतात. खाण्याच्या सोड्यांत जें द्रव्य आहे त्याच जातीचें हें द्रव्य. श्लेष्म्याचें काम एवढेंच कीं, हा क्षार जठराच्या पोकळींत वाहून जाऊं न देतां भिंतीशीं धरून ठेवावयाचा. आम्ल थरांत शिरतें, पण तळाशीं पोंचण्यापूर्वींच त्याचा क्षाराशीं संयोग होऊन तें निस्तेज होतें. पुढें सूक्ष्म उपकरणांनीं मोजणी झाली तेव्हां ही कल्पना खरी ठरली. थराच्या एका अंगाला लिंबाच्या रसाहूनहि आंबट द्रव आणि दुसऱ्या अंगाला जवळ जवळ साध्या पाण्यासारखी स्थिति, असा हा चमत्कार आहे.

हा थर कशाचा बनला आहे? शेंकडा सुमारें ९५ भाग तर पाणीच. त्या पाण्याला आकार देणारीं जीं प्रथिनें आहेत त्यांस म्यूसिन असें नांव आहे. म्यूसिनचा रेणु म्हणजे प्रथिनाचा एक लांबलचक दोरा आणि त्याला चोहों बाजूंनीं चिकटलेल्या शर्करेच्या आखूड सांखळ्या. बाटली धुण्याचा ब्रश डोळ्यांपुढें आणावा, म्हणजे त्याचा आकार ध्यानांत येईल. वजनाचा बहुतेक भाग या शर्करांचाच असतो. त्या पाणी धरून ठेवतात. सब्जाचें बीं पाण्यांत टाकलें असतां तें फुगून त्याच्याभोंवतीं जें बुळबुळीत वेष्टन येतें तेंहि शर्करांच्या सांखळ्यांनीं पाणी धरून ठेवल्यामुळेंच येतें, तत्त्व एकच.

निरोगी जठरांत म्यूसिनच्या दोन जाती मुख्य असतात. शास्त्रज्ञांनीं त्यांस म्यूक-५-एसी आणि म्यूक-६ अशीं नांवें दिलीं आहेत. पहिली जात पृष्ठभागावरील पेशी तयार करतात. दुसरी जात खोल ग्रंथींतून येते. जठराचा जो खालचा, आंतड्याकडे निमुळता होत गेलेला भाग, त्यांतील ग्रंथी म्यूक-६ चा मोठा पुरवठा करतात. वरच्या भागांतील ग्रंथींच्या मानेपाशीं असलेल्या पेशींतूनहि ती कांहीं प्रमाणांत येते. या दोन जातींचे पापुद्रे एकमेकांवर बसून थर बनतो. वरवर पाहतां दोन्ही सारख्याच चिकट. पण त्यांच्या शर्करा निराळ्या, आणि पुढील सर्व कथा त्या निराळेपणावर अवलंबून आहे.

आम्लानें भरलेल्या या पोकळींत कोणताहि जंतु वस्ती करूं शकणार नाहीं, अशी विसाव्या शतकांतील बहुतेक वैद्यांची समजूत होती. वास्तविक इटलींतील बिझोझेरो यानें १८९३ सालीं कुत्र्यांच्या जठरांत मळसूत्राच्या आकाराचे जंतु पाहिले होते, आणि पोलंडांतील याव्होर्स्की यानें १८९९ सालीं मनुष्याच्या जठरांतील द्रवांत तसेच जंतु पाहून त्यांचा जठरविकारांशीं संबंध असावा असें सुचविलें होतें. परंतु समजूत बळकट असली म्हणजे डोळ्यांनीं पाहिलेलेंहि दुर्लक्षिलें जातें. १९७९ सालीं ऑस्ट्रेलियांतील पर्थ शहरीं रॉबिन वॉरन या विकृतिशास्त्रज्ञाला सुजलेल्या जठराच्या तुकड्यांवर हेच जंतु वारंवार दिसूं लागले. १९८१ सालीं बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्याला येऊन मिळाला. जंतु प्रयोगशाळेंत वाढविण्याचे त्यांचे प्रयत्न प्रथम फसत होते. १९८२ च्या ईस्टरच्या सुटींत बशा नेहमींच्या दोन दिवसांऐवजीं पांच दिवस तशाच उबेंत राहिल्या, आणि त्यांवर जंतूंची वाढ दिसली. हे जंतु सावकाश वाढणारे होते; आजवरच्या बशा घाईनें टाकून देण्यांत आल्या होत्या. १९८४ सालीं मार्शलनें स्वतः त्या जंतूंचा द्रव पिऊन आपल्या जठराला सूज आणून दाखविली. १९८९ सालीं जंतूला हेलिकोबॅक्टर पायलोरी हें नांव स्थिर झालें आणि २००५ सालीं या दोघांना नोबेल पारितोषिक मिळालें.

हा जंतु आम्लांत राहत नाहीं. तो श्लेष्म्यांत राहतो, ही यांतील खुबी आहे. आम्लांतून तेवढा वेळ जावें लागतें, तेवढ्यापुरती त्याची स्वतःची सोय असते. यूरिएज नांवाचें एक पाचकद्रव्य त्याच्यापाशीं विपुल असतें. त्याच्या योगानें तो शरीरांतील यूरिया फोडून अमोनिया उत्पन्न करतो आणि त्या क्षाराचें कवच अंगाभोंवतीं धरून आंत शिरतो. पण आम्लाच्या सान्निध्यांत श्लेष्मा खळीसारखा घट्ट असतो. त्यांतून पोहणार कसें? याचें उत्तर बॉस्टन येथील संशोधकांनीं २००९ सालीं दिलें. अमोनियानें भोंवतालचें आम्ल मारलें गेलें कीं श्लेष्मा तेवढ्या जागेपुरता पातळ होतो, आणि जंतु आपल्या शेपट्या हालवीत पुढें सरकतो. मळसूत्रासारखा आकार आहे म्हणून तो भोंक पाडीत जातो, अशी जी समजूत होती ती त्यामुळें मागें पडली. वाट तो खणीत नाहीं, वाट तो विरघळवून घेतो.

आंत शिरल्यावर टिकून राहण्यासाठीं कोठेंतरी धरावयास हवें. श्लेष्मा सारखा झडत असतो व नवा येत असतो. त्याबरोबर वाहून जाण्याचा धोका असतो. येथें म्यूसिनच्या शर्करा पुढें येतात. म्यूक-५-एसी वर ज्या शर्करा असतात त्यांत मनुष्याच्या रक्तगटाच्या खुणाहि असतात. १९९३ सालीं स्वीडनमधील बोरेन व त्याचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, हेलिकोबॅक्टर नेमक्या यांपैकीं एका खुणेला घट्ट चिकटतो. ‘ओ’ रक्तगटाच्या माणसांत जठराचे व ग्रहणीचे व्रण अधिक आढळतात ही गोष्ट १९५४ सालींच ध्यानांत आली होती. तिचा एक धागा येथें सांपडला. पुढें २००४ सालीं असेंहि आढळून आलें कीं, दक्षिण अमेरिकेंतील आदिवासींत, जेथें बहुतेक सर्व माणसें ‘ओ’ गटाचीं आहेत तेथें, जंतूहि त्याच गटाच्या शर्करेपुरते तरबेज झालेले आहेत. यजमानाची रीत पाहून पाहुण्यानें आपली रीत बदलावी, तसा हा प्रकार.

परंतु म्यूसिन म्हणजे केवळ जंतूला धरावयास दिलेली खुंटी नव्हे. पेशींच्या अंगावर उभी असणारी म्यूक-१ ही आणखी एक जात आहे. जंतु तिला धरतो न धरतो तोंच ती तुटून सुटी होते आणि जंतूला घेऊन वाहून जाते. आणि खोल ग्रंथींतील म्यूक-६ तर याहूनहि वरचढ ठरली. जपानमधील संशोधकांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केलें कीं, तिच्या सांखळ्यांच्या टोंकाला असलेली एक विशिष्ट शर्करा या जंतूची वाढ खुंटविते. जंतूला आपली भिंत बांधण्यास लागणारें एक द्रव्य यजमानाच्या कोलेस्टेरॉलपासून बनवावें लागतें. ही शर्करा तेंच काम थांबविते. जठराच्या पृष्ठभागावर जंतूंची दाटी आणि खोल ग्रंथींत मात्र ते विरळ, असें जें चित्र सूक्ष्मदर्शक यंत्रांतून दिसतें त्याचा उलगडा यानें झाला. शरीरानें स्वतःच तयार केलेलें हें जंतुघ्न औषध होय. २०१२ सालीं त्याच शर्करेवांचून जन्मलेल्या उंदरांवर प्रयोग झाला, तेव्हां त्यांच्या जठराच्या खालच्या भागांत, कोणताहि जंतु नसतांना, कर्करोग झालेला दिसला. तात्पर्य, त्या शर्करेचें काम जंतु थोपविण्यापुरतेंच नाहीं. अस्तराची घडी नीट ठेवणें हेंहि तिचें काम आहे.

आतां जठराचा कांहीं भाग कापून काढण्याच्या शस्त्रक्रियेकडे वळावयाचें. १८७९ सालीं पॅरिसमध्यें पेआं यानें आणि १८८० सालीं रिडिगिएर या पोलिश शस्त्रवैद्यानें ती करून पाहिली. दोघांचेहि रोगी थोड्याच दिवसांत दगावले. १८८१ च्या जानेवारीच्या २९ तारखेस व्हिएन्ना येथें थिओडोर बिलरोट यानें ४३ वर्षांच्या एका स्त्रीच्या जठराचें कर्करोगानें बुजलेलें खालचें टोंक काढून उरलेला भाग ग्रहणीला जोडला. ती शस्त्रक्रियेंतून सुखरूप उठली, खाऊंपिऊं लागली. सुमारें चार महिन्यांनीं मूळ रोगानेंच तिला नेलें. तरीहि जठर कापतां येतें आणि माणूस जगतो, एवढें सिद्ध झालें. १८८५ सालीं बिलरोटनें दुसरी रीत योजिली: ग्रहणीचें तोंड शिवून बंद करावयाचें आणि उरलेलें जठर आंतड्याच्या पुढील वेढ्याला जोडावयाचें. स्वित्झर्लंडच्या सेझार रू यानें पुढें आंतड्याची इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी जोडणी रूढ केली. या तिन्ही रीती आजहि प्रचारांत आहेत.

विसाव्या शतकांत या शस्त्रक्रियेचा मोठा उपयोग कर्करोगापेक्षां व्रणासाठीं झाला. आम्ल नसेल तर व्रणहि नाहीं, असें सूत्र श्वार्ट्झ या शस्त्रवैद्यानें १९१० सालीं मांडलें होतें. आम्ल उत्पन्न करण्याची आज्ञा देणारा गॅस्ट्रिन हा रस जठराच्या खालच्या भागांतून येतो. तो भाग काढला कीं आम्ल घटणार आणि व्रण भरणार, असा सरळ हिशेब होता. हिशेब बराचसा जमला आणि हजारों माणसें व्यथामुक्त झालीं. पुढें १९७० नंतरच्या दशकांत आम्ल कमी करणारीं औषधें आलीं, त्यानंतर जंतूचा शोध लागला, आणि व्रणासाठीं जठर कापण्याचे प्रसंग विरळ झाले. आज ही शस्त्रक्रिया मुख्यतः कर्करोगासाठीं करावी लागते.

अस्तराच्या दृष्टीनें पाहिलें असतां या शस्त्रक्रियेनें काय काय जातें? पहिली गोष्ट, खालच्या भागाबरोबर म्यूक-६ चा मोठा पुरवठा जातो. दुसरी, गॅस्ट्रिन घटल्यामुळें आम्ल कमी होतें; व्रणाला हें हितकारक, पण आम्ल हें बाहेरच्या जंतूंना रोखणारें कुंपणहि होतें. तिसरी, जठर व आंतडें यांमधील झडप नाहींशी होते. एरवीं अन्न थोडें थोडें खालीं सोडावयाचें आणि खालचा द्रव वर येऊं द्यावयाचा नाहीं, हें तिचें काम. ती गेल्यावर पित्त व स्वादुपिंडाचा रस उरलेल्या जठरांत उलटा शिरूं लागतो. बिलरोटच्या दुसऱ्या रीतींत हा ओघ सर्वांत अधिक. ‘वाय’च्या जोडणींत तो बहुतांशीं टळतो. पित्ताला चरबी फोडण्याची शक्ति असते. जठराच्या श्लेष्म्याची व पेशींची रचना आम्लाशीं झुंजण्यासाठीं झालेली आहे, पित्ताशीं नव्हे. परिणामीं उरलेल्या भागाचें अस्तर, विशेषतः जोडाच्या आसपास, लाल होतें, सुजतें, आणि झीज भरून काढण्यासाठीं तेथील पेशी घाईघाईनें वाढूं लागतात.

मग या बदललेल्या घरांत जुन्या बिऱ्हाडकरूचें काय होतें? येथें एक मोठी विसंगति आढळते. पित्तांतील द्रव्यें हेलिकोबॅक्टरलाहि बाधक असतात. त्यामुळें पित्ताचा ओघ जेथें फार, तेथें वर्षें लोटतील तसतसे हे जंतु कमी सांपडतात. कित्येकांत औषधावांचून ते नाहींसे होतात. ही सुवार्ता वाटेल. पण ज्या पित्तानें जंतु हटविला तेंच पित्त अस्तराला पोळीत असतें. शिवाय आम्ल कमी झाल्यामुळें एरवीं जठरांत न टिकणारे दुसरे जंतु तेथें तग धरूं लागतात. उलट, पित्त दूर ठेवणारी जोडणी केली तर अस्तर निवतें, पण हेलिकोबॅक्टर असेल तर त्यालाहि स्वस्थता मिळते. आणि पित्त व जंतु दोन्ही एकत्र आले तर अस्तराची सूज अधिकच बळावते. म्हणजे जोडणी कोणतीहि असो, जंतूचा प्रश्न स्वतंत्रपणें सोडवावाच लागतो. शस्त्रानें तो आपोआप सुटत नाहीं.

त्यांतच दीर्घकालच्या संसर्गानें म्यूसिनची घडीहि विस्कटते. पृष्ठभागावरील म्यूक-५-एसी उणावते. खोल ग्रंथींतील म्यूक-६ भलत्या जागीं, वर दिसूं लागते. सुजलेल्या अस्तरावर नव्या तऱ्हेच्या शर्करा उमटतात, आणि जंतूजवळ त्यांनाहि धरणारा दुसरा हात असतो, असें २००२ सालीं आढळलें. म्हणजे आपण लावलेल्या आगीच्या उजेडांत चोरानें नवी वाट शोधावी, तसें हें आहे. पुढची पायरी याहून गंभीर. वर्षानुवर्षें सुजलेलें अस्तर झिजतें आणि कोठें कोठें त्याच्या जागीं आंतड्यासारखें अस्तर उगवतें. तेथें आंतड्यांतील म्यूक-२ ही जात तयार होऊं लागते. सूज, झीज, आंतड्यासारखें रूपांतर आणि कांहींजणांत अखेर कर्करोग, ही पायऱ्यांची माळ कोलंबियांत जन्मलेल्या पेलायो कोरेआ यानें १९७५ सालीं प्रथम सुसंगतपणें मांडली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें १९९४ सालीं हेलिकोबॅक्टरला कर्करोगाच्या निश्चित कारणांत घातलें.

या रूपांतरित अस्तरावर हेलिकोबॅक्टर बहुधा राहत नाहीं. ती भूमि त्याला परकी असते. म्हणून एकाद्या वृद्ध रोग्याच्या तपासणींत जंतु सांपडला नाहीं, तर तो कधींच नव्हता असें म्हणतां येत नाहीं. बिऱ्हाडकरू घर मोडून निघून गेलेला असूं शकतो. जंतु नाहीं हा निर्वाळा आणि अस्तर निरोगी आहे हा निर्वाळा, हे दोन वेगळे निर्वाळे आहेत.

या सर्वांचें व्यावहारिक महत्त्व काय? अमेरिकेंतील मेयो क्लिनिकच्या डोनाल्ड बाल्फोर यानें १९२२ सालीं एक अनपेक्षित गोष्ट नोंदविली. साध्या व्रणासाठीं ज्यांच्या जठरावर शस्त्रक्रिया झाली होती, ज्यांना त्या वेळीं कर्करोगाचा मागमूस नव्हता, अशा कांहीं रोग्यांना अनेक वर्षांनीं उरलेल्या जठरांत कर्करोग झाला. पुढील निरीक्षणांत हा धोका शस्त्रक्रियेनंतर साधारण १५-२० वर्षांनीं वाढूं लागतो असें दिसून आलें. बहुसंख्य रोग्यांना असें कांहीं होत नाहीं, हें येथेंच स्पष्ट सांगितलें पाहिजे. भय घालण्याचा हा विषय नव्हे. परंतु रोगी व त्याचे आप्त शस्त्रक्रियेचा दिवस हा प्रकरणाचा शेवट समजतात. टांके निघाले, जखम भरली, घरीं परतल्यावर चार दिवस मऊ भात झाला, कीं कागद कपाटांत जातात. पंधरा वर्षांनीं ज्या गोष्टीची आठवण ठेवावयाची ती त्या कागदांतच राहते.

जंतु घालविल्यानें उरलेल्या जठराचें भवितव्य सुधारतें काय, याचीहि परीक्षा झाली आहे. जपानमध्यें, आरंभींचा कर्करोग तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीनें काढून ज्यांचें जठर शाबूत ठेवलें होतें अशा ५४४ रोग्यांचे दोन सारखे गट करण्यांत आले. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या निकालांत, जंतु घालविणारें औषध दिलेल्या २७२ पैकीं ९ जणांना, आणि तें न दिलेल्या २७२ पैकीं २४ जणांना, तीन वर्षांत नव्या ठिकाणीं कर्करोग झाल्याचें आढळलें. दक्षिण कोरियांतील तशाच परीक्षेचा निकाल २०१८ सालीं बाहेर आला. सुमारें सहा वर्षांच्या अवधींत औषध घेतलेल्या १९४ पैकीं १४ जणांना व न घेतलेल्या २०२ पैकीं २७ जणांना नवा कर्करोग झाला. प्रमाण जवळ जवळ निम्म्यावर आलें. हे रोगी जठर कापलेले नव्हते, हा भेद विसरतां कामा नये. परंतु कर्करोगासाठीं जठराचा भाग काढलेल्या रोग्यांवरहि कोरियांतच परीक्षा झाली असून, जंतु घालविल्यावर उरलेल्या अस्तराची झीज व त्याचें आंतड्यासारखें रूपांतर यांचें प्रमाण घटल्याचें २०१३ सालीं नमूद झालें आहे. धोका शून्यावर येत नाहीं. पण तो कमी करण्याचें एक सोपें साधन हातीं आहे, एवढें निश्चित.

भारतांत हा संसर्ग फार पसरलेला असून तो बहुधा बालपणींच, घरांतल्या घरांत होतो. दाट वस्ती व अस्वच्छ पाणी हे त्याचे साथीदार होत. असें असूनहि मिझोराम वगैरे ईशान्येकडील भाग सोडल्यास देशांत जठराच्या कर्करोगाचें प्रमाण तुलनेनें कमी आहे. जंतूच्या जाती, आहार, यजमानाची प्रकृति, अशा अनेक गोष्टींचा त्यांत हात असावा. म्हणून जंतु सांपडला कीं कर्करोग होणारच, असें कोणीं समजूं नये. परंतु ज्याचें जठर एकदां कापावें लागलें त्याची गोष्ट निराळी. त्याची ढाल आधींच अर्धी झालेली असते.

अशा माणसाच्या घरच्यांनीं कांहीं साध्या गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. शस्त्रक्रियेच्या आधीं किंवा नंतर हेलिकोबॅक्टरची तपासणी झाली आहे कीं नाहीं, हें डॉक्टरांना स्पष्टपणें विचारावें. श्वासावरून करावयाची तपासणी एरवीं उत्तम, परंतु कापलेलें जठर लवकर रिकामें होत असल्यामुळें तिचा निर्णय अशा रोग्यांत तितका भरंवशाचा नसतो. दुर्बिणीनें अस्तराचे तुकडे घेऊन, तेहि एकाच जागचे न घेतां, पाहणें अधिक चांगलें. आम्ल कमी करणाऱ्या कांहीं औषधांनीं जंतु दडून बसतो, म्हणून तपासणीपूर्वीं कोणतें औषध किती दिवस थांबवावयाचें तेंहि विचारून घ्यावें. जंतु आढळल्यास बहुधा १४ दिवस एकाहून अधिक औषधें घ्यावीं लागतात. मध्येंच बरें वाटलें म्हणून तीं सोडणें म्हणजे जंतूला औषध पचविण्यास शिकविणें होय. औषध संपल्यावर चार आठवड्यांनीं पुन्हां तपासणी करून जंतु गेल्याची खात्री करावी. उरलेल्या जठरामुळें लोह व ‘बी-१२’ जीवनसत्त्व यांची उणीव पडूं शकते, तीहि रक्त तपासून वेळोवेळीं पाहावी. आणि वर्षें लोटलीं म्हणून दुर्बिणीची तपासणी अनावश्यक झाली असें मानूं नये. धोका काळाबरोबर ओसरत नाहीं, काळाबरोबर वाढतो.

हंटरनें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आज बऱ्याच अंशीं मिळालें आहे. जठर स्वतःला पचवीत नाहीं, कारण क्षणोक्षणीं झडणारा आणि क्षणोक्षणीं नवा होणारा एक पातळ थर तें आपल्या अंगावर धरून असतें. तो थर कोणीं एकदां बांधून ठेवलेली भिंत नव्हे. जिवंत पेशींनीं अहोरात्र चालविलेलें तें काम आहे. शस्त्रवैद्य रोगग्रस्त भाग काढूं शकतो, उरलेला भाग कौशल्यानें जोडूं शकतो. परंतु त्यानंतरचीं वीस-तीस वर्षें हें काम त्या उरलेल्या पेशींनाच, अपुऱ्या सामग्रीनिशीं, करावयाचें असतें. त्यांच्यावरचा एक अनावश्यक भार दोन आठवड्यांच्या औषधानें उतरविणें शक्य असतां तो तसाच राहूं देणें शहाणपणाचें नाहीं.